फुटलेल्या गलबताचा धडा : कप्तान जेम्स हॉर्सबर्ग यांचें चरित्र

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या आगगाडीला पिंगळी हें स्टेशन लागतें. त्या बाजूच्या काळ्या रानांत कापूस व ज्वारी पिकविणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिला नसेल. तथापि पावसाळ्यांत ओढ्याला पाणी आलें असतां काय करावें लागतें, हें त्यांस ठाऊक आहे. पाणी गढूळ असतें, तळ दिसत नाहीं. एका ठिकाणीं घोट्याइतकें पाणी, तर दोन पावलांवर पुरुषभर डोह. अशा वेळीं ज्याला उतार माहीत आहे असा मनुष्य हातांत काठी घेऊन पुढें होतो, आणि मागची मंडळी त्याच्या पावलावर पाऊल ठेवून पार होते. ज्या गृहस्थाचें चरित्र आज आम्ही देत आहों, त्यानें हेंच काम मोठ्या समुद्रावर केलें. हिंदी महासागर व चीनचा समुद्र यांतील असंख्य बेटांमधून गलबत कोणत्या वाटेनें न्यावें आणि नांगर कोठें टाकावा, हें त्यानें मोजून पाहिलें व मागून येणाऱ्यांसाठीं लिहून ठेविलें. या कामाची सुरुवात एका मोठ्या अपघातापासून झाली.

जेम्स हॉर्सबर्ग यांचा जन्म स्कॉटलंडांतील फाइफ परगण्यांत एली या समुद्रकांठच्या गांवीं ता. २८ सप्टेंबर १७६२ रोजीं झाला. आईबाप गरीब, परंतु भल्या चालीचे होते. मुलाला सलग शाळेंत ठेवण्याची त्यांची ऐपत नव्हती. म्हणून कांहीं दिवस शेतांत काम व कांहीं दिवस शाळा, अशा रीतीनें त्याचें शिक्षण झालें. तेवढ्यांतच तो गणित, जमाखर्च आणि नौकानयनाचीं मूलतत्त्वें शिकला. सोळाव्या वर्षीं तो उमेदवार म्हणून गलबतावर चढला. तीं गलबतें कोळसा भरून हॉलंड व जर्मनीकडील बंदरांस जात. १७८० सालीं इंग्रज व फ्रेंच यांचें युद्ध चालू असतां फ्रेंचांनीं त्याचें गलबत पकडलें, आणि या अठरा वर्षांच्या आंतील मुलाला डंकर्क येथें कैदेंत राहावें लागलें. सुटका झाल्यावर तो वेस्ट इंडीज बेटांकडे एक सफर करून आला व नंतर कलकत्त्यास आला. येथून पुढें त्याचें आयुष्य पूर्वेकडील समुद्रावर गेलें.

१७८६ सालच्या मे महिन्यांत ‘ॲटलास’ नांवाचें गलबत जावा बेटांतील बटाव्हिया बंदराहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, सिलोनकडे जाण्यास निघालें. हॉर्सबर्ग त्यावर कप्तानाच्या हाताखालचे पहिले अधिकारी होते. त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें. त्या दिवसांत नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो; म्हणून शिडाचीं गलबतें प्रथम विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून पश्चिमेस दूरवर जात, व मग वारा पाठीशीं घेऊन ईशान्येस वळत. या वाटेवर मालदीवच्या दक्षिणेस चागोस नांवाचा बेटांचा समूह आहे, व त्यांत डिएगो गार्सिया हें बेट आहे. कप्तानाजवळ जे नकाशे होते त्यांत या भागाची मोठी चूक होती. नकाशांत ॲडी व कँडी अशीं दोन बेटें काढलेलीं होतीं. तीं दिसलीं म्हणजे आपण कोठें आहों हें कळेल व तेथून पुढचा हिशेब नव्यानें धरतां येईल, असा कप्तानाचा बेत होता. परंतु तीं बेटें जगांत कोठेंच नव्हतीं.

गलबताचा वेग व दिशा पाहून आपण किती कोस आलों याचा अंदाज बांधावयाचा, आणि त्या अंदाजावर भरंवसा ठेवून पुढें जावयाचें, असा तेव्हां पुष्कळ ठिकाणीं परिपाठ होता. ता. ३० मे रोजीं अंधारांत गलबत असेंच चाललें होतें. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला झोप लागली होती. बेटावर एक ढग आला होता, त्यामुळें सुकाणू धरणाऱ्याला जमीन दिसली नाहीं. दिसली तेव्हां गलबत खडकावर चढलें होतें. पहिल्या लाटेसरशीं डोलकाठ्या, सुकाणू व वरचें सर्व सामान वाहून गेलें. दुसऱ्या लाटेनें गलबताला बाहेरच्या खडकांवरून उचललें व किनाऱ्याकडे फेकलें. भरतीची वेळ होती, आणि गलबतांत जड माल नव्हता, तोल राहण्यापुरतें वजन मात्र होतें. म्हणूनच हें घडलें. ओहोटी असती किंवा गलबत मालानें भरलेलें असतें, तर बाहेरच्या खडकावरच त्याचा चुराडा झाला असता व एकही मनुष्य वाचला नसता.

येथें वाचकांस अशी शंका येईल कीं, खलाशांना खडक जवळ आल्याची आगाऊ सूचना कशी मिळाली नाहीं ? पौल प्रेषिताचें गलबत मलितेजवळ आलें तेव्हां खलाशांनीं रात्रीं दोरी टाकून पाणी मोजलें, हें आपणांस ठाऊक आहे. प्रथम वीस वाव भरलें, थोडें पुढें गेल्यावर पंधरा वाव भरलें. तेव्हां जमीन जवळ आहे असें जाणून त्यांनीं गलबताच्या मागील बाजूनें चार नांगर टाकले. ज्या किनाऱ्याचा तळ हळूहळू वर येतो, तेथें ही युक्ति चालते. परंतु उष्ण समुद्रांतील पुष्कळ बेटें पोवळ्यांचीं झालेलीं असतात. पोवळें हा अति सूक्ष्म प्राण्यांनीं बांधलेला दगड आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळ वाढत राहतो, आणि त्याची बाहेरची बाजू विहिरीच्या कांठाप्रमाणें एकदम खोल जाते. अशा बेटाजवळ दोरीला तळ लागत नाहीं, लागत नाहीं, आणि थोड्याच वेळांत गलबत खडकावर असतें. बेटें इतकीं सखल असतात कीं, नारळीचे शेंडे तेवढे आधीं दिसतात, आणि रात्रीं तेही दिसत नाहींत. म्हणून येथें खरा आधार दोनच गोष्टींचा : बिनचूक नकाशा आणि जागा पहारेकरी. त्या रात्रीं ‘ॲटलास’वर दोन्ही नव्हतीं.

त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यांत मुंबई सरकारनें वसाहत करण्यासाठीं पाठविलेली मंडळी डिएगो गार्सिया बेटावर उतरली होती. ती वसाहत पुढें थोड्याच महिन्यांत उठविण्यांत आली. हॉर्सबर्ग यांची नोकरी गेली होती व गलबत फुटलें होतें. असा प्रसंग आला असतां कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी समुद्राचें नांव सोडून देतो. हॉर्सबर्ग यांच्या मनांत मात्र दुसराच विचार बसला. ज्या कागदावर विश्वासून इतके जीव चालले होते, तो कागद खोटा होता. आणि तो कोणीं मुद्दाम खोटा केला नव्हता, तर एकानें ऐकून लिहिलें व दुसऱ्यानें न पाहतां उतरून घेतलें, असें होत होत तो खोटा झाला होता. तेव्हां यापुढें आपण जेथें जाऊं तेथील खडक, प्रवाह, वारे व पाण्याची खोली स्वतः पाहून टिपून ठेवूं, असा निश्चय त्यांनीं केला, व तो पन्नास वर्षें पाळला.

ते मुंबईस आले. तेथें चीनकडे जाणाऱ्या ‘गुंजावा’ नांवाच्या गलबतावर त्यांना तिसऱ्या अधिकाऱ्याची जागा मिळाली. पूर्वी पहिले अधिकारी असलेल्या माणसानें ही खालची जागा बिनतक्रार पत्करली. पुढें सुमारें दहा वर्षें ते मुंबई, कलकत्ता व चीन यांमध्यें जाणाऱ्या व्यापारी गलबतांवर होते. त्या काळीं मुंबईहून चीनच्या कँटन बंदरास जाणारा मुख्य माल कापूस असे, व अशा गलबतांवर कोंकणपट्टीचे पुष्कळ खलाशी काम करीत. मलाक्काच्या सामुद्रधुनींतून, सुमात्रा, बोर्निओ, सेलेबीस व फिलिपाइन्स या बेटांच्या मधून त्यांची वाट असे. दिवसाचें काम संपलें म्हणजे इतर अधिकारी विसांवा घेत. हॉर्सबर्ग आपली वही काढीत. चित्रें काढणें व तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरणें या विद्या ते कोणा गुरूवांचून शिकले. चंद्र व तारे यांतील अंतर मोजून आपण कोणत्या रेखांशावर आहों हें काढण्याची अवघड रीतही त्यांनीं आत्मसात् केली.

या कष्टांचें पहिलें फळ म्हणजे तीन नकाशे : मकासरची सामुद्रधुनी, फिलिपाइन्स बेटांची पश्चिम बाजू, आणि डँपियरच्या सामुद्रधुनीपासून बटाव्हियापर्यंतची वाट. त्यांबरोबर गलबत कसें न्यावें याची माहितीही त्यांनीं लिहिली. हे कागद कँटन येथील एका स्नेह्याच्या हातून मोठ्या गलबतांच्या कप्तानांपुढें गेले, व तेथून लंडनला ईस्ट इंडिया कंपनीचे नकाशे पाहणारे अधिकारी अलेक्झांडर डॅलरिंपल यांच्याकडे पोंचले. कंपनीनें ते छापविले, हॉर्सबर्ग यांचे आभार मानले, व यंत्रें विकत घेण्यासाठीं त्यांना कांहीं रक्कम दिली.

१७९८ सालीं ते ‘ॲना’ नांवाच्या गलबताचे कप्तान झाले. आतां वाट ठरविणें त्यांच्या हातीं आलें. फ्रान्सचा ला पेरूझ नांवाचा एक दर्यावर्दी बेपत्ता झाला असतां त्याच्या शोधासाठीं जीं गलबतें निघालीं, त्यांवरील ज्योतिषाचें घड्याळ मुंबईंत विकावयास आलें होतें. तें हॉर्सबर्ग यांनीं घेतलें. गलबत मुंबईस किंवा कँटनला नांगरलेलें असे तेव्हां ते गुरूच्या उपग्रहांचीं ग्रहणें पाहून आपलीं घड्याळें तपाशीत. रेखांश काढण्यासाठीं घड्याळ बिनचूक हवें. कारण विषुववृत्तापाशीं घड्याळांत चार मिनिटांची चूक झाली, तर समुद्रावर एका अंशाची, म्हणजे सुमारें ७० मैलांची चूक होते. एवढ्या अंतरांत चागोससारखीं कितीतरी बेटें लपूं शकतात.

१८०२ पासून १८०४ पर्यंत त्यांनीं आणखी एक काम चालविलें. हवेचा दाब दाखविणाऱ्या यंत्रांतील पाऱ्याची उंची ते रात्रंदिवस ठराविक वेळीं लिहून ठेवीत. त्यांवरून त्यांना असें आढळलें कीं, उष्ण कटिबंधांत खुल्या समुद्रावर पारा चोवीस तासांत दोनदां चढतो व दोनदां उतरतो, आणि हें अगदीं नियमानें घडतें. जमिनीजवळ मात्र हा नियम मंद होतो. हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८०५ सालीं प्रसिद्ध केला. खलाशाला याचा उपयोग असा कीं, रोजच्या उताराला त्यानें भिऊं नये. परंतु हा रोजचा नियम मोडून पारा उतरूं लागला, तर वादळ जवळ आहे असें समजून सावध व्हावें. १८०६ सालीं त्या संस्थेनें हॉर्सबर्ग यांस आपले सभासद करून घेतलें. शेतांत काम करून शाळा शिकलेल्या मुलाला विद्वानांच्या पंक्तीस हें स्थान मिळालें.

१८०५ सालीं त्यांनीं समुद्र सोडला व ते इंग्लंडांत राहूं लागले. १८०९ पासून १८११ पर्यंत त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान, चीन, ऑस्ट्रेलिया व वाटेवरील बंदरें यांकडे गलबत नेण्याची माहिती त्यांत होती. पुढें तो ‘इंडिया डायरेक्टरी’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. कोणत्या महिन्यांत वारा कोठून वाहतो, प्रवाह कोणीकडे ओढतो, बेट दुरून कसें दिसतें, खडक कोणत्या खुणेपासून किती अंतरावर आहे, नांगर टाकण्याच्या जागीं किती वाव पाणी आहे व तळ वाळूचा, चिखलाचा कीं खडकाचा आहे, पिण्याचें पाणी व सरपण कोठें मिळतें, हें सर्व त्यांत एकेका ठिकाणासाठीं लिहिलेलें होतें. ‘ॲटलास’ कसें फुटलें तेंही त्यांनीं त्यांत लिहिलें. नकाशाची चूक लिहिली, आणि पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याची झोपही लिहिली. आपल्या गलबताची लाज त्यांनीं झांकली नाहीं. कारण ती झांकली असती, तर पुढच्या गलबताला तिचा उपयोग झाला नसता.

तळ कसा आहे हें लिहिण्याला इतकें महत्त्व कां, हें थोडें सांगितलें पाहिजे. नांगर वाळूंत किंवा घट्ट चिखलांत रुततो व गलबताला धरून ठेवतो. पोवळ्याच्या खडकावर तो एक तर घसरतो, नाहींतर फटींत असा अडकतो कीं वर निघत नाहीं. त्या काळीं नांगराचे दोर तागासारख्या वाखाचे असत. पोवळ्याची धार त्यांना रात्रभर कापीत राही, आणि सकाळीं गलबत खडकाकडे वाहत असल्याचें दिसे. लोखंडी सांखळ्या पुढें प्रचारांत आल्या. म्हणून खलाशी शिशाच्या वजनाला खालून चरबी लावीत व दोरी तळापर्यंत सोडीत. चरबीला वाळू चिकटून आली म्हणजे तेथें नांगर टाकीत.

बेटांत शिरण्याचेही नियम आहेत, व ते आजही पाळले जातात. रात्रीं अनोळखी बेटाजवळ जाऊं नये. उजाडेपर्यंत खोल पाण्यांत बाहेर थांबावें. सूर्य वर आला असून पाठीमागें असेल अशा वेळीं आंत शिरावें, व एका तीक्ष्ण नजरेच्या माणसाला डोलकाठीवर चढवावें. गडद निळें दिसतें तें खोल पाणी, फिकें हिरवें दिसतें तें उथळ, आणि तांबूस किंवा पिवळट दिसतो तो खडक. सूर्य समोर असला किंवा आकाश भरून आलें, म्हणजे हे रंग दिसत नाहींत. ज्या बाजूनें मोसमी वारा येतो तिच्या उलट बाजूस, बेटाच्या आडोशाला नांगर टाकावा. मात्र वारा फिरला म्हणजे गलबत नांगराभोंवतीं वळतें, तेव्हां तेवढ्या वर्तुळांत खडक नाहीं हें आधीं पाहून घ्यावें. आज आकाशांतील उपग्रहांच्या साहाय्यानें कप्तानाला आपलें ठिकाण क्षणांत कळतें. तरी नकाशांतील खडक चुकीच्या जागीं असला, तर त्या ज्ञानाचा उपयोग होत नाहीं. आणि निजलेल्या पहारेकऱ्याला कोणतेंही यंत्र तारीत नाहीं.

डॅलरिंपल १८०८ सालीं वारले. त्यांची जागा १८१० सालीं हॉर्सबर्ग यांस मिळाली, व ती त्यांनीं मरेपर्यंत सांभाळली. पूर्वेकडून परत आलेल्या गलबतांच्या रोजनिशा तपासणें, त्यांतील नवी माहिती नकाशांत घालणें व जुनी चूक काढून टाकणें, हें त्यांचें काम. ज्या मालदीव बेटांमधून गलबतें नेण्यास लोक भीत, त्यांमधील सुरक्षित वाटांविषयीं त्यांनीं १८३२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पुढें मुंबईच्या आरमारांतील कप्तान रॉबर्ट मोर्सबी यांनीं १८३४ पासून मालदीवची व १८३७ सालीं चागोस बेटांची मोजणी केली. मालदीवचे ते नकाशे शंभराहून अधिक वर्षें खलाशांच्या उपयोगीं पडले. ज्या समूहांत ‘ॲटलास’ फुटलें, त्याची अशी रीतसर मोजणी होण्यास त्या रात्रीपासून ५१ वर्षें लागलीं. हॉर्सबर्ग तोपर्यंत जिवंत राहिले नाहींत.

शेवटच्या दिवसांत ते आपल्या ग्रंथाची नवी आवृत्ति तयार करीत होते. शरीर थकलें होतें, तरी जुन्या मजकुरांत कोठें चूक राहूं नये म्हणून ते एकेक ओळ तपाशीत होते. सर्व काम होऊन शेवटची सूची मात्र राहिली होती. ग्रंथ छापून झालेला पाहावयास मिळावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. ती पुरी झाली नाहीं. ता. १४ मे १८३६ रोजीं त्यांना देवाज्ञा झाली. वय ७३ वर्षांचें होतें. ग्रंथ मात्र प्रसिद्ध झाला, व त्यांच्यामागें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

ही बातमी कँटनला पोंचली तेव्हां तेथील व्यापाऱ्यांनीं त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी सुरू केली. पुतळा न उभारतां दीपगृह बांधावें असें ठरलें. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील तोंडाशीं पेद्रा ब्रांका, म्हणजे पांढरा खडक, नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें कित्येक गलबतें फुटलीं होतीं. त्या खडकावर दगडी दीपगृह बांधण्यांत आलें व १८५१ सालीं त्यांतील दिवा प्रथम लागला. त्याला हॉर्सबर्ग यांचें नांव आहे, व तें आजही उभें आहे.

आमच्या उपदेशक बंधूंपैकीं कित्येकांस मंडळीची वही ठेवावी लागते, कोणाला शाळेची हजेरी, कोणाला पतपेढीचा हिशेब. संध्याकाळीं अंग दुखत असतां दिव्याजवळ बसून खरें तेंच लिहिणें कंटाळवाणें वाटतें, आणि कोणी तें पाहत नाहीं. हॉर्सबर्ग यांच्याही वह्या समुद्रावर कोणी पाहत नव्हतें. परंतु ज्या खलाशांचीं नांवें त्यांना कधीं कळलीं नाहींत, ते त्या वह्यांच्या आधारानें अंधारांत खडक टाळून गेले, आणि चांगल्या वाळूंत नांगर टाकून रात्रीं निर्धास्त निजले.